इंग्लंडमध्ये घेतलेली वस्तू बिघडली? दुकानदाराकडून पैसे परत कसे घ्यायचे, पायरी पायरीने

जानेवारीच्या १४ तारखेला आमच्याकडे नवीन वॉशिंग मशीन आलं. ३७९ पौंडांचं, ऑनलाइन मागवलेलं, डिलिव्हरीवाल्यांनीच बसवून दिलेलं. मे महिन्यात एका रविवारी स्पिनला लागल्यावर आतून असा आवाज यायला लागला की जणू कोणी लोखंडी खलबत्त्यात दाणे कुटतंय, आणि दाराखालून पाणी, किचनचं लॅमिनेट फुगू नये म्हणून मी घरातले सगळे जुने टॉवेल टाकून बसले. दुकानाला फोन केला तर पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, आमची रिटर्न पॉलिसी २८ दिवसांची होती, ती संपली, आता वॉरंटी कंपनीची आहे, तुम्ही कंपनीशी बोला. मी कंपनीचा नंबर लिहून पण घेतला, बावळटासारखा. संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल, तिचा पहिला प्रश्न, "पावती ठेवलीयस ना?" ठेवली होती. मग रात्री बसून कायदा वाचला आणि लक्षात आलं की दुकानाने मला सरळ सरळ टोलवलं होतं.

त्यानंतर दोन-तीन मैत्रिणींच्या भानगडी पण निस्तरल्या, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही, पण हा कायदा सामान्य माणसाला वाचता येईल इतक्या साध्या भाषेत आहे. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं आहे, स्कॉटलंडला कोर्ट आणि मुदती वेगळ्या.

आधी बघा, करार कोणाशी झालाय

सगळा घोळ इथेच होतो. तुम्ही पैसे दुकानाला दिलेत, मशीन बनवणाऱ्या कंपनीला नाही, म्हणजे तुमचा करार दुकानाशी. कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०१५, जो १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला, तो म्हणतो की दुकानदाराने विकलेली वस्तू समाधानकारक दर्जाची पाहिजे, ज्या कामासाठी घेतली त्या कामाला लायक पाहिजे आणि वर्णन केलंय तशी पाहिजे. हे तीन हक्क करारात लिहिलेले असोत नसोत, कायदा ते आपोआप करारात घालतो, आणि दुकानदाराला ते काढून टाकता येत नाहीत, कितीही बारीक अक्षरात काहीही लिहिलं तरी. कंपनीची वॉरंटी ही वरची साय आहे. ती सोयीची असेल तर जरूर वापरा, पण तिच्यामुळे दुकान सुटत नाही. "कंपनीशी बोला" असं म्हणाले की एकच उत्तर: माझा करार तुमच्याशी आहे.

मात्र विकणारा व्यापारी पाहिजे. फेसबुक मार्केटप्लेसवरून कोणाकडून जुना सोफा किंवा सायकल घेतली, तर समोरचा खासगी माणूस असतो, आणि तिथे दर्जाचा हक्क नाहीच, फक्त वस्तू सांगितल्याप्रमाणे पाहिजे आणि त्याने खोटं बोलून विकलेली नसावी. नवीन आलेले विद्यार्थी सप्टेंबरमध्ये अर्धं घर असंच उभं करतात, त्यांनी निदान जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, "एकदम चालू कंडिशन" असं लिहिलं असेल तर तेवढाच आधार. उलट एखादा माणूस महिन्याला वीस फोन विकतोय आणि मी खासगी आहे म्हणतोय, तर तो धंदाच करतोय, नुसतं म्हटल्याने काही होत नाही.

मग कॅलेंडर काढा

या कायद्यात तारीख हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वस्तू हातात कधी आली (आणि बसवून देणं करारात असेल तर बसवून कधी झाली) तिथपासून मोजायचं.

पहिले ३० दिवस. बिघाड निघाला तर वस्तू नाकारून सगळे पैसे परत मागायचा हक्क आहे. दुकानदार म्हणेल आधी रिपेअर करून बघू, तुम्ही नाही म्हणू शकता. स्टोअर क्रेडिट, व्हाउचर, दुसरा कलर, काही काही घ्यायची सक्ती नाही. तुम्ही स्वतःच रिपेअरला किंवा बदलून द्यायला हो म्हटलंत तर तेवढा काळ घड्याळ थांबतं, आणि वस्तू परत आल्यावर निदान ७ दिवस तरी तुमच्या हातात राहतात. नाशवंत मालाला ३० दिवस नाहीत हे उघड आहे, आंब्याची पेटी महिन्याने घेऊन गेलात तर लोक हसतील.

३० दिवस ते ६ महिने. माझी केस इथली. आता दुकानदाराला एक संधी द्यावी लागते, रिपेअर किंवा बदली, वाजवी वेळात, तुम्हाला फार त्रास न देता, आणि सगळा खर्च त्याचा. त्या एका प्रयत्नात जमलं नाही, तर एक तर वस्तू ठेवून किंमत कमी करून घ्या, नाहीतर परत देऊन पैसे मागा. एक प्रयत्न, हे नीट लक्षात ठेवा, कारण दुकानं तीन-तीन वेळा इंजिनिअर पाठवत राहतात आणि आपण भिडस्तपणे दार उघडत राहतो. आणि या सहा महिन्यांत बिघाड दिसला की तो मुळातच होता असं कायदा धरून चालतो, तुमच्या वापराने बिघडलं हे सिद्ध करायचं ओझं दुकानावर. शिवाय रिपेअर फसल्यावर सहा महिन्यांच्या आत वस्तू नाकारलीत तर "इतके दिवस वापरलंत ना" म्हणून पैसे कापता येत नाहीत. अपवाद फक्त गाड्यांचा, तिथे पहिल्या दिवसापासून वापराचे पैसे कापता येतात.

६ महिन्यांनंतर. हक्क संपत नाहीत, फक्त ओझं तुमच्याकडे येतं. दोष आधीपासून होता किंवा वस्तू जितकी टिकायला हवी तितकी टिकली नाही हे तुम्ही दाखवायचं, त्यासाठी बाहेरच्या इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट लागतो. दावा लावायची मुदत ६ वर्षं (स्कॉटलंडमध्ये ५). याचा अर्थ कुठल्याही वस्तूला ६ वर्षांची गॅरंटी आहे असा अजिबात नाही, हे व्हॉट्सॲपवर फिरतं ते चूक आहे. १५ पौंडांचा टोस्टर चार वर्षांनी गेला तर नमस्कार करा. ९०० पौंडांचा फ्रिज दोन वर्षांत गेला तर भांडायला जागा आहे.

सेलमध्ये घेतलं, डिस्काउंट होता, पावती हरवली, बॉक्स फेकला, यातल्या कशानेही हक्क जात नाही. खरेदीचा पुरावा पाहिजे, तो बँक स्टेटमेंट पण चालतो. फक्त जो दोष घेतानाच दाखवला होता त्यावर नंतर बोलता येत नाही.

नुसतं मन बदललं तर?

ही वेगळी गोष्ट आहे, आणि लोक कायम गल्लत करतात. दुकानात जाऊन, बघून, घालून घेतलेला कुर्ता घरी आल्यावर आवडला नाही, तर कायद्याने काहीच हक्क नाही. इथली मोठी दुकानं हसतमुखाने परत घेतात ती त्यांची पॉलिसी. आपल्याकडे "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असायची ना, निर्दोष मालापुरती ती पाटी इथेही चालली असती, सदोष मालाला नाही.

ऑनलाइन किंवा फोनवर घेतलं तर मात्र वस्तू आल्यावर १४ दिवस मिळतात, कारण न सांगता रद्द करायला. हे २०१३ च्या रेग्युलेशन्समधून येतं. रद्द केल्याचं कळवल्यावर आणखी १४ दिवस वस्तू परत पाठवायला, आणि वस्तू त्यांच्याकडे पोचली किंवा पाठवल्याचा पुरावा दिला की त्यांनी १४ दिवसांत पैसे द्यायचे, सुरुवातीच्या साध्या डिलिव्हरीच्या खर्चासकट. परत पाठवायचा खर्च बहुतेक वेळा आपला. हा हक्क आहे हे त्यांनी सांगितलंच नसेल तर मुदत वर्षभरापर्यंत वाढू शकते. चालत नाही ते: खास तुमच्यासाठी बनवलेलं, नाशवंत, सील तोडलेलं हायजीनचं सामान, आणि ठराविक तारखेचं हॉटेल, केटरिंग, भाड्याची गाडी, कार्यक्रमाची तिकिटं. वस्तू दुकानात जितकी हाताळली असती तितकीच हाताळा, लग्नात शालू मिरवून परत पाठवला तर ते पैसे कापतील आणि बरोबरच कापतील.

आणि पार्सल "दाराशी ठेवलं होतं" आणि गायब झालं, तर कुरिअरशी तुमचा काही संबंध नाही. वस्तू तुमच्या किंवा तुम्ही सांगितलेल्या माणसाच्या ताब्यात येईपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. फक्त "शेड मागे ठेवा" असं तुम्हीच लिहून दिलं असेल तर घोडं तिथेच अडतं.

टर्म्स अँड कंडिशन्स किती मानायच्या

आधी एक गैरसमज. शेल्फवर ५०० च्या टीव्हीला चुकून ५० ची चिठ्ठी लागली तर दुकानाला ५० ला द्यावाच लागेल असं नाही. मांडलेला माल हे फक्त आमंत्रण, ऑफर आपण काउंटरवर करतो, ते नाही म्हणू शकतात, हे बूट्स या औषधांच्या दुकानाच्या १९५३ च्या केसपासून पक्कं आहे. पण जाहिरातीत ठोस वचन दिलं तर ते अंगाशी येतं. कार्बोलिक स्मोक बॉल (फ्लू टाळायला नाकाने हुंगायचा बॉल) विकणाऱ्यांनी जाहिरात केली होती की आमचा बॉल सांगितल्याप्रमाणे वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, आणि आम्ही सिरियस आहोत हे दाखवायला १००० पौंड बँकेत ठेवलेत असंही छापलं. मिसेस कार्लिलने नियमाने बॉल वापरला, तिला फ्लू झाला, कंपनी म्हणाली जाहिरातीत आम्ही कायपण बोलतो, कोर्ट म्हणालं बँकेत पैसे ठेवून बोललात, द्या आता. १८९३ च्या लॉ रिपोर्टमधली ही केस पुण्या-मुंबईच्या लॉ कॉलेजातली मुलं पण पहिल्या वर्षी घोकतात.

आता बारीक अक्षरं. कंझ्युमर राइट्स ॲक्टचं कलम ६२ म्हणतं, अटीमुळे पारडं ग्राहकाच्या विरोधात बरंच झुकत असेल आणि त्यात सचोटी नसेल, तर ती अट ग्राहकावर बंधनकारक नाही. मूळ किंमत आणि मुख्य वस्तू यांवर सहसा असा वाद घालता येत नाही, पण त्या ठळक आणि कळतील अशा लिहिलेल्या असाव्या लागतात. अटीचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या सोयीचा अर्थ घ्यायचा. निष्काळजीपणाने कोणी मेलं किंवा जखमी झालं तर "आम्ही जबाबदार नाही" ही पाटी भिंतीवर असली काय नि नसली काय, सारखंच. आणि अट पैसे भरायच्या आधी दिसायला हवी. शू लेनच्या कार पार्कमध्ये थॉर्नटन नावाच्या ट्रंपेट वाजवणाऱ्याला अपघात झाला, पार्कवाले म्हणाले तिकिटावर लिहिलंय अटी आत लावल्यात, १९७१ मध्ये कोर्टाने सांगितलं की मशीनमधून तिकीट बाहेर आलं तेव्हा करार होऊन गेला होता, नंतरच्या अटी लागू नाहीत.

म्हणून प्रत्येक दंड अन्यायकारक असतो असं समजू नका हं. पार्किंगच्या ८५ पौंडांवरून बीव्हिस नावाचे गृहस्थ सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, दोन तास फ्री होते, ते तासभर जास्त थांबले, पाट्या मोठ्या आणि जागोजागी होत्या, २०१५ मध्ये ते हरले. तेव्हा पाटी दिसत होती का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

मैत्रिणीने मुलाच्या बारशासाठी हॉल बुक केला होता, ६०० पौंड डिपॉझिट, सासऱ्यांची तब्येत बिघडली म्हणून चार महिने आधी रद्द केला. हॉलवाले म्हणाले डिपॉझिट नॉन-रिफंडेबल, सही आहे तुमची. आम्ही लिहिलं की सही असली तरी तुमचं खरं नुकसान किती झालं ते दाखवा, तेवढे ठेवा, कारण ग्राहकाने रद्द केलं की सगळे पैसे गिळायचे ही अट कायद्याच्या शेड्यूल २ मधल्या संशयित अटींच्या यादीत बसते. तारीख दुसऱ्या कोणाला दिली का असंही विचारलं. आठवडाभर उत्तर नाही, मग ४८० पौंड आले. बाकीच्या १२० साठी ती भांडली नाही, आणि मला ते ठीक वाटलं.

जाता जाता, ६ एप्रिल २०२५ पासून नवीन कायदा लागू आहे, त्यात सक्तीची फी शेवटच्या स्क्रीनवर काढून दाखवणं आणि खोटे रिव्ह्यू यांच्यावर बंदी आहे, आणि सरकारी यंत्रणा कंपनीला जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करू शकते.

प्लंबर, बिल्डर, फोटोग्राफर

सेवेला दर्जाची कसोटी थोडी वेगळी आहे. काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे, वेळ ठरली नसेल तर वाजवी वेळात, भाव ठरला नसेल तर वाजवी भावात. आणि त्यांनी तोंडी सांगितलेलं, ज्याच्यावर विसंबून तुम्ही काम दिलं, ते पण करारात धरतात. म्हणून फोनवर बोलणं झालं की लगेच मेसेज टाका, "आत्ता आपलं ठरलं की दोन दिवसांत होईल, ३५० मध्ये, मटेरियलसकट." त्याने अंगठा दाखवला तरी पुरे. काम बिघडलं तर आधी पुन्हा करून घ्यायचं, ते शक्य नसेल किंवा वेळेत होत नसेल तर पैसे कमी करून घ्यायचे.

लिहा. फोन नको

फोनवर आवाज चढतो आणि हाती काही राहत नाही. ईमेल करा, सभ्य आणि रुक्ष. ऑर्डर नंबर, तारीख, काय बिघडलं, कधी दिसलं, फोटो-व्हिडिओ, कायद्याचं नाव, तुम्हाला काय पाहिजे आणि कोणत्या तारखेपर्यंत. मी आवाजाचा २० सेकंदांचा व्हिडिओ जोडला होता, त्यात मागे आमचा कुकर पण शिट्टी देतोय. पहिल्या ३० दिवसांत असाल तर वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत टाका: "आय ॲम एक्सरसायझिंग माय शॉर्ट-टर्म राइट टू रिजेक्ट". नाराज आहे, निराश आहे, कित्येक वर्षांची ग्राहक आहे, हे सगळं वगळा.

माझ्या पहिल्या ईमेलला दोन दिवसांत उत्तर आलं, इंजिनिअर पाठवतो. त्याने बेअरिंग आणि दाराचं रबर बदललं, मी जॉबशीटची कॉपी मागून घेतली, ती नंतर सोन्याच्या भावाची ठरली. ११ दिवसांनी खलबत्ता परत सुरू. दुसऱ्या ईमेलमध्ये मी लिहिलं की तुमचा एक प्रयत्न झाला, जॉबशीट सोबत आहे, सहा महिने १४ जुलैला होतात आणि आज जून आहे, मी आता मशीन नाकारतेय, पूर्ण ३७९ द्या. ते "गुडविल म्हणून ५० पौंडांचं व्हाउचर" वर आले. मी परत तेच लिहिलं, एक शब्द न बदलता.

दुकान ढिम्म असेल तर कार्ड

क्रेडिट कार्डने घेतलं असेल आणि वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर ते ३०,००० पर्यंत असेल, तर कंझ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ चं कलम ७५ बँकेला दुकानाइतकंच जबाबदार धरतं. सगळे पैसे कार्डने दिले पाहिजेत असंही नाही, थोडं डिपॉझिट कार्डने दिलं तरी पूर्ण किमतीसाठी दावा करता येतो. दुकानाचं दिवाळं निघालं तर हाच एक खरा आधार. आणि परदेशातल्या खरेदीलाही हे लागतं, हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच इथलं सगळ्यात वरचं कोर्ट होतं) २००७ मध्ये तसं ठरवलंय, म्हणजे इथल्या क्रेडिट कार्डवर पुण्यात लक्ष्मी रोडला घेतलेली पैठणी सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली तर इथल्या बँकेला विचारता येतं. मधे दुसरी पेमेंट कंपनी आली की साखळी तुटू शकते, म्हणून मोठी खरेदी थेट कार्डाने करा. डेबिट कार्डला चार्जबॅक असतो, म्हणजे बँक दुकानाकडून पैसे परत खेचून बघते, तो कायदा नाही, कार्ड कंपन्यांचा नियम आहे, मुदत साधारण १२० दिवस.

बँकेने ८ आठवड्यांत शेवटचं उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी संस्था) जा, फुकट आहे, फक्त नकाराच्या पत्रापासून ६ महिन्यांच्या आत.

आणि शेवटी कोर्ट

घाबरू नका, १०,००० पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या साध्या प्रक्रियेत, वकील लागत नाही. आधी दुकानाला शेवटचं पत्र, इतक्या तारखेपर्यंत नाही दिलं तर दावा लावते, साधारण १४ दिवस द्यायचे. मग ऑनलाइन दावा. फी रकमेवर असते, ती आधी आपण भरायची, जिंकलात तर ती समोरच्याकडून मिळते. २२ मे २०२४ पासून अशा पैशांच्या दाव्यात बचाव दाखल झाला की फोनवर एक तासाचं फुकट मेडिएशन सक्तीचं आहे, तिथे दोघांना वेगवेगळं बोलवून तडजोड बघतात, आणि आधीच ठरवून बसा की कमीत कमी किती घेणार, नाहीतर माणूस हो हो करत बसतो. अडलं तर सिटिझन्स ॲडव्हाइसच्या कंझ्युमर हेल्पलाइनला फोन करा, ०८०८ २२३ ११३३, ट्रेडिंग स्टँडर्ड्सपर्यंत (दुकानदारांवर कारवाई करणारं कौन्सिलचं खातं) तक्रार पण त्यांच्यामार्फतच जाते.

माझं कोर्टापर्यंत गेलं नाही. शेवटच्या पत्राचा मसुदा पाठवला त्याच्या तिसऱ्या दिवशी रिफंड मान्य झाल्याचा ईमेल आला. मान्य केल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने, मला नवव्या दिवशी मिळाले. मशीन उचलायचा खर्च त्यांचाच होता, तरी फोनवर ४० पौंड मागून बघितलेच. उचलायला दोन मुलं आली, एकाने फोनवर बोटाने सही करायला लावली आणि निघाले, मी म्हटलं थांब, सीरियल नंबरच्या स्टिकरचा, मशीन व्हॅनमध्ये चढतानाचा आणि तुझ्या फोनवरच्या त्या स्क्रीनचा फोटो काढू दे. तो वैतागला, पण थांबला.